समोरच्या ओळीतला दिवा

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शिंप्याबद्दल लिहावं, एवढा काही मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांना सगळे मास्तर म्हणत. माझ्या शर्टाचं माप त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या लेकीचं नाव मात्र मी कधी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर मला छापचित्रांचा नाद लागला. मेण चढवलेल्या जस्ताच्या पत्र्यावर सुईने रेघा काढायच्या, पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवायचा, मग खोल झालेल्या रेघांत शाई भरून कागदावर दाबायचा. मास्तरांच्या ते कानावर गेलं.

"आपली गल्ली काढा की. रात्रीची, माझ्या दुकानात दिवा असताना. डोळे साथ देत नाहीत, आता दुकान बंद करतोय. चित्र लेकीला पाठवीन म्हणतो. त्याच दिव्याखाली अभ्यास केलाय तिने."

कोपऱ्यावरच्या पायरीवर बसून मी दिसलं तसं उतरवलं. छापताना डाव्याचं उजवं होतं, म्हणून पत्र्यावर सगळं उलटं काढायचं, हा पहिला धडा. तोच विसरलो.

मास्तरांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि खो खो हसले.

"अहो, समोरच्या न्हाव्याच्या जागी मी आणि माझ्या जागी न्हावी! इतकी वर्षं त्याच्याशी अबोला धरला, तो काय यासाठी?"

तरी त्यांनी एक प्रत पाठवली, एक घरात लावली. लेकीने फोनवर विचारलं म्हणे, "बाबा, दुकान कधी हलवलंत?"

"आरशात बघ," मास्तर म्हणाले.

मी ओशाळून म्हटलं, नवा पत्रा करून देतो. दुकान अजून चालू होतं. पण तेच चित्र एका प्रदर्शनात लागलं, रात्र काय सुरेख उतरलीय असं चार जण म्हणाले आणि मी हुरळलो. नवा पत्रा तसाच पडून राहिला. तेवढ्यात दुकानाला कुलूप लागलं. दिवाच नाही, तर काढणार काय?

मग जिन्यात मास्तरांची चाहूल लागली की मी दार लोटून घ्यायचो. ते पत्र्याचा विषयही काढत नसत, त्याचीच जास्त लाज वाटे. शेवटची गाठ मात्र जिन्यातच पडली, चुकवता आली नाही.

"बटण लोंबतंय तुमचं. या आत, दोन टाके घालून देतो."

उघड्या दारातून भिंतीवरचं ते चित्र दिसत होतं.

"जरा घाईत आहे मास्तर. उद्या येतो."

"या, या. पण सुई तुम्ही ओवायची हं."