खंडेनवमीला लावलेलं तेल

घाटकोपरच्या ज्या जिममध्ये मी साफसफाई करते, तिथेच माझी मुलगी वजन उचलायला शिकली. दुपारी दोन ते चार बायकांची बॅच असते. तेव्हा मी आरसे पुसते, प्लेटी जागेवर लावते, बेंचवरून कोणी उठलं की घाम टिपते. मला लोकांशी बोलायला जमत नाही. कोणी ‘मावशी’ म्हणून हाक मारली तरी माझी नजर आधी खाली जाते. पण लक्ष सगळीकडे असतं.

बेंचवर उताणं झोपायचं, प्लेटी लावलेला लोखंडी बार छातीपर्यंत खाली आणायचा आणि परत वर ढकलायचा. बघायला एवढंच आहे. पण बार कुठे धरायचा यावर सगळं ठरतं. दोन्ही हात जवळ धरले तर कोपरं बरगड्यांपाशी राहतात, खांद्याला त्रास कमी. पण मग बारला जास्त अंतर वर जावं लागतं आणि दंडाची मागची बाजू आधी दमते. हात लांब धरले की बारची वाट कमी होते, छातीचा जोर लागतो, वजन जास्त निघतं. मात्र खांदे ताणले जातात, आणि वर ढकलताना तळहात बारवरून बाहेर सरकायला बघतात. त्यांना धरून ठेवायला बारवर बारीक खरखरीत दाते कोरलेले असतात. हातांना चॉकची पांढरी पूड लावतात तीसुद्धा त्यासाठीच. शिकवणाऱ्या मॅडम मुलींना हे रोज सांगायच्या आणि मी पुसता पुसता ऐकायचे. शिवाय बारवर चॉकच्या खुणा राहायच्या. त्यावरून कोणाचा हात कुठे पडतो ते मला न बघताही कळायचं.

माझ्या मुलीचा हात लांब पडायचा. बारवर दोन्हीकडे एकेक गुळगुळीत कडं असतं. स्पर्धेत पहिलं बोट त्याच्या बाहेर नेता येत नाही. तिचं बोट बरोबर त्या कड्यावर असायचं. मॅडम तिच्यावर खूश असत, पण बोलायच्या तिखट.

“अंगठा नीट गुंडाळ. अर्धा कुठे ठेवलायस, घरी?”

“आईने धुवायला घेतला, मॅडम,” ती झोपल्या झोपल्या म्हणायची. सगळ्या हसायच्या. मीही आरशाकडे तोंड करून हसायचे.

ती औषधांच्या दुकानात काम करते. राज्याच्या संघात तिची निवड झाली असती तर खेळाडूंच्या जागांमधून सरकारी नोकरीला अर्ज करता आला असता. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षीपासून मोठ्या बायकांशी गाठ, त्या तिच्या दीडपट उचलतात. निवडीसाठी साधारण साठ किलो लागणार होते आणि दसऱ्याच्या आधी तिने साठ दोनदा केले होते.

आमच्या जिममध्ये दसऱ्याला वजनांची पूजा होते. आदल्या दिवशी सगळं घासून ठेवायचं काम माझं. कोकणात आमच्याकडे खंडेनवमीला कोयते, कुदळी घासून त्यांना खोबरेल चोळायचे. माझे वडील म्हणायचे, वर्षभर राबतं त्याच्या अंगाला एक दिवस तेल लागलंच पाहिजे. मी तारेच्या ब्रशने बारच्या दात्यांत साचलेलं चॉक काढलं आणि घरून नेलेलं खोबरेल बोटाने दात्यादात्यांत मुरवलं. माझी मुलगी जो बार वापरते त्याला जरा जास्तच. वरून कापड फिरवलं. दुसऱ्या दिवशी कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. बार असा चमकत होता की मॅडम म्हणाल्या, “मावशी, झकास.” मी दिवसभर खुशीत होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी सगळ्यांच्या आधी आली. हलक्या वजनाला काही झालं नाही. पंचावन्नला बार छातीपर्यंत आला, वर निघाला आणि अर्ध्यावर तिचा उजवा हात बाहेर सरकला. बार त्या बाजूला कलला. मॅडम डोक्यामागे उभ्या होत्या म्हणून त्यांनी तो धरला, नाहीतर काय झालं असतं ते मला लिहवत नाही. ती खांदा धरून जमिनीवर बसली.

“ग्रिप सोडलीस तू,” मॅडम म्हणाल्या.

“नाही सोडली.”

“मग काय बार स्वतःहून पळाला?”

तिने तळहात उघडला. त्यावर चॉकचा पिवळट लगदा झाला होता. मी समोरच होते. मला त्याच क्षणी कळलं. आणि मी काय केलं? साबणाच्या पाण्याची बादली आणली, ब्रश आणला आणि बार घासायला लागले.

“मावशी, राहू दे आत्ता,” मॅडम म्हणाल्या. मी थांबले नाही. नंतर त्यांनी बारवरून हात फिरवला तेव्हा तो कोरडा, खरखरीत होता.

डॉक्टरांनी खांदा ताणला गेलाय म्हणून दहा दिवस विश्रांती सांगितली. दुखणं गेलं. पण ती परत बेंचवर झोपली तेव्हा तिचे हात आत आले होते. कड्यापासून चार बोटं आत. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, खांद्याला सोपं जाईल. पन्नास निघाले. साडेबावन्नला कोपरं अर्धी सरळ होऊन तिथेच थरथरायला लागली. दंडाची मागची बाजू संपली होती, छातीला अजून जोर होता आणि तो वाया जात होता. मॅडम तिचे हात धरून बाहेर न्यायच्या, वजन लावलं की ते परत आत यायचे.

घरी ती जेवताना तळहात बघत बसायची. “माझाच हात सुटला गं आई. मला कळलंसुद्धा नाही. स्वतःच्या हाताचा भरवसा नाही म्हणजे काय?”

मी म्हणायचे, “जेव आधी.”

रोज ठरवायचे, आज सांगायचं. काम जाईल ही भीती होतीच, पण ती मोठी नव्हती. माझ्या हातून झालं हे तिला कळल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, तेवढंच मला सोसणार नव्हतं. एकेक दिवस करत पाच आठवडे गेले.

निवड रविवारी अंधेरीला होती. शुक्रवारी चार वाजता बॅच सुटली, मॅडम खाली गेल्या. ती एकटीच बेंचवर बसून हातांकडे बघत होती. मी फडकं खाली ठेवलं.

“बारला मी तेल लावलं होतं.”

“कधी?”

“खंडेनवमीला.”

“कसलं तेल?”

“खोबरेल.”

“केसांना लावतेस ते?” ती हसायच्या बेतात होती. मग थांबली. “आणि पुसलंस कधी?”

“तू खाली बसली होतीस तेव्हा.”

“म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं.”

“हो.”

तिने दोन्ही तळहात मांडीला पुसले. मग म्हणाली, “पाच आठवडे मी हातांना शिव्या देतेय. आणि तू समोर बसून भाकऱ्या भाजत होतीस.”

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने मॅडमना हाक मारून वर बोलावलं आणि बोट कड्यावर ठेवून झोपली. नुसता बार नीट गेला. मग प्लेटी चढवल्या, चाळीसही गेले. पंचेचाळीसला बार स्टँडवरून काढायच्या आधीच तिचे हात आत आले. तिने ते परत बाहेर नेले. परत आत आले. तिसऱ्यांदा तिने बार सोडला आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “मला पटलंय. या हातांना पटत नाहीये.”

रविवारी तिने हात जवळ धरूनच पंचावन्न केले. कसे केले ते तिलाच माहीत. दुसऱ्या खेपेला साठ लावले, अर्ध्यावर अडकले. तिसऱ्या खेपेलाही तिथेच. मी भिंतीला टेकून उभी होते. तिची कोपरं थरथरायला लागली तेव्हा माझे दंड दुखायला लागले. निवड दुसऱ्या मुलीची झाली. तिचा हात कड्यावर होता.

मॅडमनी विचारलं, “हात बाहेर का नाही नेलास गं?”

“नाही जमलं,” ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

परत येताना मेट्रोत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. मी म्हटलं, उद्या मॅडमना सगळं सांगते.

“आता कोणासाठी?” ती म्हणाली.

सांगणं मॅडमसाठी नव्हतं, तिच्यासाठीही नव्हतं. माझं ओझं मला उतरवायचं होतं, आणि हे तिच्या लक्षात आलं होतं. तरीही सोमवारी मी सांगितलं. मॅडम रागावल्या, मग म्हणाल्या, काम करत राहा. मुलीने जिम सोडली आहे. दुकानातून सरळ घरी येते, जेवते, ताट स्वतः घासते. मी घासायला हात पुढे केला तर म्हणते, “राहू दे, आई. मी करते.” आवाज चढवत नाही. तिने एकदा तरी चढवावा म्हणून मी वाट बघते.