आडवं मोजायचं पोरगं

तो निळा ठिपका मीच काढला. तोही बॉलपेनने, म्हणजे खोडायची सोय नाही.

रविवारी सकाळी दीड वर्षाच्या ललितला मी त्याच्याच घराच्या चौकटीला टेकवून उभा केला. त्याच्या डोक्यावर वही आडवी धरली, पेन्सिलने खूण केली आणि टेपने मोजलं. सत्त्याहत्तर सेंटीमीटर. डॉक्टरांच्या छापील कागदावर ठिपका देऊन मोकळा झालो आणि मग मागचा ठिपका बघितला. शहाणा माणूस आधी मागचं बघतो. महिन्यापूर्वी डॉक्टरांनी मोजलेली उंची होती अठ्ठ्याहत्तर.

पोरगं महिन्यात एका सेंटीमीटरने कमी झालं होतं.

"किती आलं?" ललितच्या बापाने, धुडकूने विचारलं.

मी खोकलो. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण वेळेवर सुचत नाही.

धुडकू नवागामच्या आमच्या चाळीत माझ्या समोरच्या खोलीत राहायचा. मूळचा पारोळ्याकडचा, उधन्याच्या एका कापड कारखान्यात फोल्डिंग खात्यात कामाला. लांबलचक टेबलावर ताके मोजायचे आणि घड्या घालायच्या, हे दिवसभराचं काम. नजर अशी बसलेली, की रस्त्याने जाणाऱ्या बाईकडे बघून म्हणायचा, "ही साडी साडेपाच मीटर नाही, दुकानदाराने फसवलं हिला." यावर त्याची बायको तारा म्हणायची, "साडीच बघत होतात ना?"

चाळीत बारावीपर्यंत शिकलेला मी एकटाच. म्हणून इंग्रजीतला तो कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यावर कमानीसारख्या सात वाकड्या रेघा होत्या आणि ललितचा ठिपका '१०' लिहिलेल्या रेघेवर होता.

"शंभरात दहा? म्हणजे नापास?" महिन्यापूर्वीच धुडकूचा चेहरा उतरला होता.

"नापास नाही रे. त्याच्या वयाची शंभर पोरं उंचीप्रमाणे ओळीत उभी केली, तर दहा त्याच्यापेक्षा बुटकी आणि बाकीची उंच. तू कितवा असशील?"

"मी ओळीतच दिसणार नाही," तो म्हणाला होता, आणि तिघं हसलो होतो.

आज कोणी हसलं नाही. नवा ठिपका दहाची रेघ सोडून खाली, पार शेवटच्या तीनच्या रेघेला जाऊन टेकला होता.

"मना पोर्‍या आखडना का रे भाऊ?" धुडकू घाबरला की त्याची मराठी सुटायची आणि अहिराणी यायची.

"आखडायला तो तुमच्या कारखान्याचं कापड आहे का?" मी म्हणालो. पण आवाज माझाच मला बारीक वाटला.

स्टोव्ह बंद करून ताराने ललितला उचललं आणि त्याच्या मनगटाभोवती बोटं लावून बघितली. यांची पहिली मुलगी गावाकडे वारली होती. आधी तिची वाढ थांबली. नवीन झबलं शिवायची गरज पडेना, याचं घरात कौतुक झालं. दोन वर्षांची व्हायच्या आत ती गेली. हे धुडकूने मला एकदाच सांगितलं होतं, तेही झबल्याचं माप हाताने दाखवून.

डॉक्टर सोमवारी सकाळी भेटणार होत्या. मध्ये अख्खा रविवार. दुपारी कोणी जेवलं नाही. ललितने तेवढा भात खाल्ला, आणि तो खाताना आम्ही तिघं त्याच्याकडे असे बघत होतो, की त्याने घाबरून घास थुंकला. मी चौकट तीनदा मोजून आलो. सत्त्याहत्तर. मला चुकायचं होतं, आयुष्यात पहिल्यांदा मनापासून, आणि ते जमत नव्हतं.

चारच्या सुमारास धुडकू एकदम उठला. "डॉक्टरबाईंनी त्याला उभं नव्हतं केलं. लाकडाच्या फळीवर निजवलं होतं."

"मग?"

"मग काय? टांगेल ताका कोनी मोजस का? आडवा टाकीसन मोजतस!"

ललितला कडेवर घेऊन तो निघालाच. मागे आम्ही दोघं. कारखाना बंद होता, पण वॉचमन ओळखीचा.

"बच्चे का भी फोल्डिंग करेगा क्या?" त्याने विचारलं.

"एक ही ताका है," धुडकू म्हणाला.

फोल्डिंगच्या टेबलाला कडेने पितळेची मोजपट्टी ठोकलेली होती. ताराने ललितचं डोकं धरलं. धुडकूने त्याचे गुडघे हलकेच दाबून पाय सरळ केले. तेव्हा कळलं, सकाळी चौकटीला हे साहेब गुडघ्यात वाकून माझी पेन्सिल ओढत होते. आताही भोकाड पसरून वळवळत होते. मी वाकून म्हणालो, "निजून राहा रे राजा, चूं चूं वाजणारे बूट आणतो तुला."

तो थांबला. धुडकूने टाचेला पुठ्ठा लावला. रोज हजार मीटर मोजणाऱ्या माणसाला तो आकडा वाचवेना. "तू सांग," तो म्हणाला.

"पावणेएकोणऐंशी."

तारा टेबलाला टेकून खाली बसली. धुडकूने परत मोजलं. मग परत. कापडाची मोजणी त्याला एकदाच पुरायची.

सोमवारी डॉक्टरांच्या फळीवरही तेवढीच उंची आली, ठिपका दहाच्याच रेघेवर. "दोन वर्षांच्या आत मूल निजवूनच मोजायचं, उभं केलं की कमी भरतं," त्या म्हणाल्या. "आणि आकडा कितवा याची काळजी नको. तो आपली रेघ धरून चाललाय का, तेवढं बघायचं. बाकी, हा निळा ठिपका कोणाचा?"

धुडकूने माझ्याकडे बघितलं नाही, पण तारा बघत होती.

नंतर कित्येक महिने धुडकू कामावरून आला की आधी पोराला चटईवर आडवा करायचा. टेप लावायचा नाही, नुसता बघायचा, साडीकडे बघायचा तसा. बघून झालं की हातपाय धुवायचा.

बूट मात्र राहिले. दिवाळीच्या आधी मी दुकानात जाऊन आधी घेतलेलं माप सांगितलं आणि खात्री करायला घरी परत आलो, तर पाय मापाच्या पुढे गेला होता. आता ललित मला बघितलं की दारातूनच पाय पुढे करतो.