आईला घेऊन गढीवर

शिरूर ते दौंड अशा एका दिवसाच्या फेरीत जुन्या गढ्या आणि जुनी घरं दाखवायचा धंदा मी सुरू केला, तेव्हा माझ्या दिराने घरातल्या सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मातीचे ढिगारे बघाया कोण येणार हाय?"

त्याआधी सात वर्षं मी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या बायकांना कामाच्या पाळीला नेऊन सोडत होते. कंपनीने मोठ्या बस लावल्या आणि माझं काम गेलं. गाडी मात्र माझी होती, माझ्या नावावर होती. ती विकून शिलाई मशीन घे, असं मला निदान चार जणांनी सांगितलं. मी विकली नाही. शिरूर-दौंडच्या गावागावांत फिरले, ज्यांच्या मालकीच्या गढ्या आणि जुनी घरं आहेत त्यांना भेटले, आत यायची परवानगी मागितली. कुणी चहा दिला, कुणी नवऱ्याला पाठवून दे म्हणाले. नवऱ्याला गाडी चालवता येत नाही, हे सांगून मी तिथेच बसून राहायचे.

हळूहळू पाहुणे यायला लागले. पुण्याचे, मुंबईचे, एकदा तर बडोद्याचं एक कुटुंब. सकाळी शिरूरला एसटी स्टँडवर घ्यायचं, मांडवगण फराट्याच्या बाजूने भीमेकाठच्या गढ्या करत खाली उतरायचं, दौंडला रेल्वेचे साहेबाच्या काळातले बंगले दाखवायचे आणि संध्याकाळच्या गाडीला स्टेशनवर सोडायचं.

गेल्या हिवाळ्यात एक जोडपं आलं. बाई आर्किटेक्ट होत्या, निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान बँकेतून निवृत्त. त्याच दिवशी आईला दौंडला डोळे तपासायला न्यायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. मी आदल्या दिवशीच फोन करून विचारलं, "आई पुढच्या सीटवर बसली तर चालेल का?" बाई म्हणाल्या, "अहो, विचारता काय?"

आई काळा चष्मा लावून पुढे बसली. आम्ही शिरूर मागे टाकलं. मग आर्किटेक्ट बाईंनी कुठली कुठली गढी बघायची ते विचारलं. मी नावं सांगितली. त्यातल्या तिसऱ्या नावावर आई म्हणाली, "तिथं म्या लई काम केलंय."

हे मला ठाऊक होतं. ती गढी माझ्या आजोळच्या गावची. लग्नाआधी, आणि लग्नानंतरही काही वर्षं माहेरी येऊन, पावसाळा सरला की आई वस्तीतल्या बायांबरोबर तिथे दरवर्षी एकेका बाजूची भिंत लिंपायला जायची. पांढरी माती पाट्यांनी वाहायची, तुडवायची, बुरुजावर चढून थापायची. आत जायचं ते गोठ्याकडच्या दाराने. तहान लागली की वाड्यातलं माणूस वरून ओंजळीत पाणी ओतायचं. आईने हे मला कधी रडत सांगितलं नाही. कामाचा एक भाग सांगावा तसं सांगितलं. राग मला यायचा.

त्या गावाचं आणि गढीच्या मालकाचं नाव मी इथे लिहीत नाही. मी त्यांना आप्पा म्हणायचे. त्यांनी मला आधी चार-पाच वेळा आत सोडलं होतं. मी कुणाची मुलगी हे त्यांनी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. आता वाटतं, ते सांगायला हवं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा आप्पा दिंडी दरवाजा उघडून उभे होते. पाहुण्यांना त्यांनी नमस्कार केला. मग आई गाडीतून उतरली आणि तिने चष्मा काढून वर बुरुजाकडे बघितलं. आप्पांनी तिला ओळखलं. इतक्या वर्षांनी, पण ओळखलं.

मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "पाव्हण्यास्नी घेऊन ये आत. तिला गाडीत बसू दे."

"का, आप्पा?"

"का म्हंजी? आन् लईच बघायचं आसंल तर गोठ्याकडनं यिऊ दे. तिला वाट ठावं हाय."

मला राग आला. पण मी आवाज चढवला नाही. म्हणाले, "आप्पा, माझ्या गाडीतली सगळी माणसं एकाच दारानं जातात. नाहीतर कुणीच जात नाही."

"मंग नका जाऊ."

बाईंच्या यजमानांनी हे ऐकलं होतं. ते अवघडून म्हणाले, "ताई, आम्ही एवढ्या लांबून आलोय. आपण पटकन बघून येऊ. आजी सावलीत बसतील."

"तुम्ही जा ना. मी अडवणार नाही," मी म्हणाले. "पण मी येणार नाही, आणि दाखवणारही नाही."

ते बायकोकडे बघायला वळले, पण बाई तिथे नव्हत्याच. आई केव्हाच गढीच्या बाहेरून भिंतीच्या कडेने चालायला लागली होती आणि बाई तिच्या मागे गेल्या होत्या. आम्हीही गेलो.

उत्तरेच्या अंगाला भिंतीवर सिमेंटचा गिलावा केलेला होता. त्याचे पापुद्रे सुटून खाली पडले होते आणि आतली माती ओली दिसत होती. बाईंनी विचारलं, "आजी, हे असं का झालं असेल?"

"वरनं सिमिट लावल्यावर आतलं पानी जाईल कुठं? मातीला मातीच लागती. आम्ही भुसा घालून आठ-आठ दिस कुजवायचो. वास असा यायचा, की घरी गेल्यावर पोरं जवळ येत नसत. पर लावली की धा वरसं बघायला नको."

बाईंनी वही काढली. भुसा कसला, शेण किती, माती कुठून आणायची, एकेक विचारत गेल्या. आई भिंतीला हात लावून सांगत होती. मी इतक्या फेऱ्या केल्या, सरदारांच्या लढाया पाठ करून सांगितल्या, पण ही भिंत कशी उभी राहिली हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही विचारलं नव्हतं. त्याची मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली.

आप्पा वळसा घालून आले. "ए, भिंतीला हात लावू नगं. भिंत माझी हाय."

आईने हात काढला नाही. "व्हय, तुमचीच हाय," ती म्हणाली. "म्या कुठं घिऊन चाललेय?"

आम्ही भिंतीलगतच्या रस्त्यावर उभे होतो. तो रस्ता ग्रामपंचायतीचा होता, तिथून आम्हाला हुसकायचा हक्क त्यांना नव्हता. आम्ही तासभर थांबलो. शेवटी यजमानांनीच आईला हात धरून चढावरून खाली आणलं, आणि गाडीत बसल्यावर माझी माफी मागितली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आम्हाला उशीर झाला. आईने डॉक्टरांना, आपणच बोलत बसल्यामुळे उशीर झाला, असं सांगून टाकलं.

पुढच्या पंधरवड्यात आणखी दोन घरांनी मला फोन करून पाहुणे आणू नका म्हणून सांगितलं. आप्पांचा शब्द तालुक्यात चालतो. दीर म्हणाला, "जाऊन माफी माग, ईषय मिटंल." मी म्हणाले, "कशाची?"

मी फेरी बदलली. बंद दारं यादीतून काढली, पण गढी काढली नाही. आता मी पाहुण्यांना ती बाहेरून दाखवते आणि पूर्ण वळसा घालते. आईचे गुडघे बरे असतील त्या दिवशी ती येते. आर्किटेक्ट बाईंनी ओळखीच्यांना सांगितलं असावं, कारण आता लोक फोनवर आधी विचारतात, "आजी येणार आहेत का?" वरवंडजवळच्या एका जुन्या घराच्या सूनबाईंनी स्वतःहून बोलावलं, त्यांच्या मागच्या भिंतीने ओल धरली होती म्हणून. आईने तिथे खुर्चीवर बसून चहा घेतला आणि त्यांच्या गवंड्याला असं काही झापलं की मलाच मध्ये पडावं लागलं.

आप्पा कधीकधी दारात उभे असतात. मी गाडी नेहमी तिथेच, त्यांच्या दरवाजासमोर लावते. उतरून "नमस्कार आप्पा" म्हणते. ते बघतात. मग आई गाडीचं दार उघडते, पदर खोचते आणि पाहुण्यांना म्हणते, "चला, आधी उत्तरंची बाजू बघू, ऊन चढायच्या आत."