व्यालेल्या गाईचं पाणी

सौंदडच्या ज्या घरात कुंदाबाई सून म्हणून आली, त्या घरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. पाणी कुठून आणावं, कुठे थांबवावं, हे त्यांना मातीच्या रंगावरून कळे. त्याच घरात बाळंतिणीला पाणी देत नसत. घोटभर कोमट, तेही सासूच्या मनात आलं तर. डाळ नाही, वरण नाही. नुसता भात.

कुंदाची बाळंतपणाची खोली आणि पाण्याने भरलेली पितळी गुंडं यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. पलीकडे कोणी पाणी घ्यायला गडवा, म्हणजे तांब्या, बुडवला की तिला ऐकू येई. पहिली मुलगी छातीला लागे, ओढे, सोडून देई. पाचवी पुजायच्या आधीच ती रडायची थांबली.

पुढे दोन मुलं झाली, मोठी झाली, कामाला बाहेर गेली. कूड पडून विटांची भिंत आली, अंगणात नळ आला. तरी दिवस कलला की भिंतीपलीकडे कोणीतरी गडवा बुडवल्याचं कुंदाला ऐकू येतं; तिथे कोणी नसतं.

मागच्या उन्हाळ्यात दूध केंद्रावर गुरांचा डॉक्टर आला होता. तो म्हणाला, दूध म्हणजे बहुतेक पाणीच. गाईला पाजलं नाही तर ते येणार कुठून? नुसत्या तणसाने, भाताच्या पेंढ्याने, पोट भरतं, दूध बनत नाही. तेलबियांची ढेप द्या, लाखोरी डाळीची चुनी द्या.

मागून कुंदाने विचारलं, "बाईचं बी तसंच असते का, साहेब?"

सगळे हसले. डॉक्टर हसला नाही. "तसंच असतं," म्हणाला.

यंदा तिची गाय लाली व्याली. दुसऱ्या दिवशी कुंदा भरलेली बाल्टी घेऊन गुरांच्या कोठ्याकडे निघाली, तर खाटेवरून सासू, सुलोचनाबाई, ओरडली.

"काऊन व, बाल्टी कायले नेऊन राहिली?"

"गाईले पाजतो."

"कच्ची गाय हाय ते! थंडा लागन. मोठी डॉक्टरीन झाली!"

"माय, सडात काईच नाही तिच्या. वासरू ओढून राहिलं अन् सोडून राहिलं."

"येईन दूध. जरा दम धर."

"तवा बी असंच म्हटलं होतं तुमी."

कुंदाने बाल्टी लालीपुढे ठेवली. लालीने तोंड बुडवलं ते वर काढलंच नाही. गळ्यातून पाणी उतरताना दिसत होतं. बाल्टी रिकामी झाली तरी ती तळ चाटत राहिली. कुंदाने दुसरी आणली. मग भिजवलेली जवसाची ढेप.

"मले बी पाणी नव्हतं देल्लं, कुंदा," खाटेवरून आवाज आला. "सुकरामच्या आधी एक पोरगा होता."

सुकराम कुंदाचा नवरा. इतक्या वर्षांत त्या पोराबद्दल या घरात कोणी बोललं नव्हतं.

सकाळी वासराच्या तोंडाला दुधाचा फेस होता. सुलोचनाबाई काठी टेकत कोठ्यापर्यंत आली, बघून परत गेली.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडे गडवा बुडाला. घरात तिसरं कोणी नव्हतं. कुंदाने आवाजाकडे मान वळवली. खाटेवर सुलोचनाबाईनेही.