बघून चढा

लालबागच्या आमच्या चाळीत खानावळीचे डबे पोचवणारी मावशी आम्हाला नावाने नव्हे, भाजीवरून ओळखायची. मी 'वांगीवाले', शेजारचे 'पडवळवाले'. डब्यांची पाटी पोटाशी धरून, हाका मारतच ती जिना चढायची.

एका सकाळी मोडक्या पायरीवर ती पडली आणि तिचं मनगट मोडलं. घरमालक म्हणाले, "बघून चढायला काय होतं?"

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती पुन्हा आली, तेव्हा पाटी मी घेतली. मालक जिन्याशीच उभे होते.

"वांगीवाले, पाटी मालकांकडे द्या. चढा मालकानू, बघून चढा!"

पाटीआड मालकांना स्वतःचे पायही दिसेनात. चाचपत एक पाऊल टाकलं, तोच पाटी कलंडून आमटी धोतरावर सांडली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत घसे बसवून आलेली सगळी चाळ गॅलरीतून ओरडली, "जिना दुरुस्त झालाच पाहिजे!"

"झालाच पाहिजे!" मावशीने जोशात प्लास्टरचाच हात उचलला आणि "आई गं!" म्हणत खाली घेतला. मालकांनाही हसू आवरेना.

दुपारी सुतार आला. नवी फळी बसल्यावर मावशीने तिच्यावर आधी मालकांना उडी मारायला लावली, मगच स्वतः पाय ठेवला.