उघडं कार्ड

मैत्री कशी करू नये हे शिकायचं असतं, तर आमच्या वकीलकाकांइतका मोठा गुरू अख्ख्या माळव्यात सापडला नसता. मी त्यांचा ज्युनियर, म्हणून ही विद्या मला फुकट मिळाली. कॉलेजात ज्याच्याबरोबर एका खोलीत, एका स्टोव्हवर चहा उकळला, तो जिवलग मित्र जज होऊन उज्जैनला आला आणि काकांनी त्याच दिवशी त्याच्या घरची वाट सोडली. "ज्याच्यापुढे सकाळी उभं राहायचं, त्याच्याकडे संध्याकाळी चहा प्यायचा? समोरच्या पार्टीला काय वाटेल?" गणपतीच्या आरतीला जजसाहेब दिसले, की काका टाळ वाजवत मंडपाच्या दुसऱ्या टोकाला सरकत.

पण जीव राहवेना. मग काकांनी तोड काढली. पत्र लिहायचं, तेही उघड्या कार्डावर; ज्याला शंका असेल त्याने वाचून घ्यावं. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, पण 'मेहेरबान जजसाहेब यांचे सेवेशी' असा पत्ता घालून कार्ड पोस्टातून जाई. शंका कुणालाच नव्हती, वाचत मात्र सगळे. उत्तर आलं की पोस्टमन दारातूनच पुकारा करी, "वकीलसाब, जजसाब की दाढ़ निकल गई, अब आराम है!"

संस्थान गेलं, मध्यभारत आला, तोही जाऊन नवा मध्यप्रदेश झाला आणि जजसाहेबांची बदली जबलपूरला लागली. त्यांनी चार्ज दिल्याचं कळताच काका काळा कोटही न उतरवता मला घेऊन निघाले. एवढ्या वर्षांनी चहाला! तिथे ट्रंका बांधलेल्या, कपबशा पेटीत. शेवटी आम्ही तिघं स्टेशनजवळ, देवास गेटच्या हॉटेलात बसलो. गाडीची वेळ होत आली होती.

"अरे, आता मी तुझा जज नाही," साहेब म्हणाले. "आता तरी नावाने हाक मार ना यार."

काकांनी दोनदा तोंड उघडलं. निघालं ते एवढंच, "साहेब, चहा निवतोय."

साहेबांना गाडीत बसवून आम्ही परतलो. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पोस्टातून लिफाफा आणायला सांगितला.

"काका, कार्डं आहेत की अजून."

"ठाऊक आहे. आता कुणाला दाखवायचं नाही."

सकाळभर लिहून त्यांनी तो स्वतः चिकटवला. दारात आलेल्या पोस्टमनने उलटापालटा करून पाहिला आणि हिरमुसून झोळीत टाकला. पत्त्यात सेवेशी नव्हतं, साहेब नव्हतं. नुसतं नाव होतं, आणि खाली जबलपूर.