साडीच्या आत वाळत घातलेला ड्रेस

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या गावचे नाही, कदाचित म्हणूनच.

म्हटलं तर गोष्ट एका पंजाबी ड्रेसची. केजला आमचं किराणा दुकान, मागे घर. तेव्हा गावात नुकतीच केबल आली होती, आणि पुण्याहून आलेल्या एका डॉक्टरांच्या बायकोनं बायकांसाठी व्यायामाचा क्लास काढायचं ठरवलं होतं. धाकट्याच्या बाळंतपणापासून माझी कंबर सारखी धरायची. डॉक्टरीणबाईंनी दुकानात साबण घेता घेता माझ्या पोटावर हात ठेवला. म्हणाल्या, "आतले स्नायू पार झोपलेत हो तुमचे. सतरंजी आणा, पोट रिकामं ठेवा, आणि साडी नको. पाय वर करायचे असतात."

पाय वर करायचे! किती हसू आलं म्हणून सांगू. आणि किती जावंसं वाटलं.

आमच्यात सुनेनं ड्रेस घालायची रीत नव्हती. सासूबाईंना विचारायची माझी छाती झाली नाही. मग गुपचूप शिवून घेतला — गुलाबी. दुपारी त्या आडव्या झाल्या की गोदामात साखरेच्या पोत्यांमध्ये सतरंजी टाकायची, साडी सोडून ड्रेस चढवायचा आणि टीव्हीवर पाहिलं होतं तसे पाय उचलायचे. घरची थोरली सून, लेकरांची आई — आणि पाय हवेत! हे सगळं फक्त एकीलाच ठाऊक होतं, माझ्या धाकट्या जावेला, शोभाला. ती दाराशी राखण करायची आणि तोंडात पदर कोंबून हसायची.

शोभाबद्दल सांगायला हवं. इथंच मला अडखळायला होतं. ती बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. लग्नानंतरही तिनं शिकावं म्हणून सासूबाईंशी मीच भांडले होते. "अक्का, तुमचे उपकार कसे फेडू?" असं ती सारखं म्हणायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं.

क्लास दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता. नव्या कापडाची खळ टोचत होती, म्हणून मी ड्रेस धुतला आणि दोरीवर माझ्या साडीच्या आत वाळत घातला, आपण आतले कपडे घालतो तसा. त्याचा रंग जाईल हे डोक्यातच आलं नाही. शेजारी मामंजींचं पूजेचं धोतर होतं. वाऱ्यानं साडी सरकली, ड्रेस आणि धोतर दोन्ही ओले एकमेकांना चिकटले, आणि सासरे रोज जे नेसून महादेवापुढे बसायचे ते पांढरं धोतर गुलाबी झालं.

सासूबाईंनी साडी ओढली. "हे कुणाचं हाय? पूजेचं धोतर नासलं की! बोला!"

मी भाकरी थापत होते. शोभा कॉलेजला गेली होती. माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं — दोन शब्द. मी काय म्हणाले माहीत आहे? "कॉलेजच्या पोरी घालत्यात तसलं दिसतंय, आत्याबाई."

नाव घेतलं नाही मी. कित्येक वर्षं मनाची हीच समजूत घालत होते, की मी नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरज तरी होती का?

शोभा आली, खांद्याला पिशवी. सासूबाईंनी तो ओला ड्रेस तिच्यापुढे आपटला. तिनं ड्रेसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी परातीतल्या पिठात बघत राहिले. नुसता अंगाला लावून दाखवला असता तरी कळलं असतं, त्यात दोन शोभा मावल्या असत्या. ती म्हणाली, "चुकलं, आत्याबाई."

"उद्यापासून कॉलेज बंद. सूट दिली तर ही थेरं!"

परीक्षा महिन्यावर आली होती. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. मामंजींचा राग, नवऱ्याचा राग, माहेरी होईल ती नाचक्की — रोज एक कारण सापडायचं. पहिल्या पेपरच्या दिवशी आम्ही दोघी ओसरीवर तूरडाळ निवडत बसलो होतो. शोभानं घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. मी पाहत होते.

एवढ्यावर थांबले असते तर निदान भित्री तरी म्हणवून घेता आलं असतं.

पुढे माझी कंबर इतकी धरली की उठवेना. डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं, बायकोला क्लासला पाठवा. मला वाटलं, घर डोक्यावर घेतील. सासूबाई म्हणाल्या, "जा की. तू थोरली, समजदार. तुझ्यावर इस्वास हाय." आणि ट्रंकेतून तोच ड्रेस काढून दिला. "नवा कावून शिवायचा? हाच उसवून घाल."

उसवावा लागला नाही. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "बसला की गं," एवढंच बोलल्या.

म्हणजे आधी विचारलं असतं तरी त्यांनी मला जाऊ दिलं असतं. आणि त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर शोभाला पुढच्या वर्षी परीक्षेला बसता आलं असतं. मला हे कळत होतं. सगळं कळत होतं. मी काखेत सतरंजी मारली आणि गेले.

गोदामातल्या सरावामुळे मला सगळं पटपट जमलं. डॉक्टरीणबाई इतर बायकांना म्हणाल्या, "बघा, पहिल्याच दिवशी किती छान!" मी ते घरी येऊन सांगितलं. शोभासमोर सांगितलं, हसत. तिनं मला पाणी आणून दिलं.

ती परत कधी कॉलेजला गेली नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसते, दोन पोरी शिकवल्या तिनं. सासूबाई गेल्या, मामंजी गेले. भिण्यासारखं कुणी उरलं नाही, तरी मी बोलले नाही. शोभानंही माझ्यापुढे त्या ड्रेसचं नाव काढलं नाही — ना रागात, ना थट्टेत.

गेल्या दिवाळीला सगळे जेवायला बसलो होतो. तिची थोरली लेक नोकरीला आहे. तिनं विचारलं, "आई, शेवटच्या वर्षाला येऊन कॉलेज कावून सोडलंस गं?"

शोभा वाढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं डोकंच चालत न्हवतं अभ्यासात."

सगळे हसले. मीही हसले.